स्वच्छ फाइल

निवृत्त शिक्षिकेनं नऊ वर्षं खपून कादंबरी लिहिली आणि भाचीकडून कॉम्प्युटर शिकून महिनाभरात स्वतःच मांडली. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, मथळे एका मापाचे, अनुक्रमणिकेत एक आकडा चुकलेला नाही.

फाइल पाठवल्यावर पंधरा दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. भाचीला ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला.

"बाई, इतकी स्वच्छ फाइल आजवर आमच्याकडे कुणाचीच आली नव्हती."

"मावशी, मी म्हटलं नव्हतं?" भाची हळूच म्हणाली आणि तिनं मावशीचा हात घट्ट धरला.



"कादंबरीत छापण्यासारखं काही नाही हो. पण आमच्या बाकीच्या लेखकांची प्रकरणं तुम्ही अशी लावून द्याल का?"