तुम्हीही या हं

सहलीहून आमच्या शाल्मलीऐवजी दुसरीच कुणीतरी घरी आली. पण ते सोडा, तसं काही झालेलंच नाही.

हॉटेल सोडताना बायकोने सवयीप्रमाणे मॅनेजरला, वॉचमनला म्हटलं, "एकदा या ना घरी!" मुलं मागच्या तळ्याला टाटा करत होती. त्याच ओघात ती तळ्यालाही म्हणाली, "तुम्हीही या हं." आमच्या आमंत्रणावरून आजवर कुणीच आलेलं नव्हतं.

विमानात मुलांच्या मधली सीट रिकामी होती, पण तिचा पट्टा लावलेला होता आणि गादीतून पाणी ठिबकत होतं. शाल्मलीने तिकडे चकली धरली. चकली संपली.

"अगं, विचार तरी, किती दिवस राहणार?" मी कुजबुजलो.

"पाहुण्यांना असं विचारतात का?" बायको म्हणाली.

"बाबा, ही तळ्यातली म्हणते, घरात जागा नसेल तर अदलाबदल करू," शाल्मली म्हणाली. "ती माझ्या पलंगावर, मी तळ्यात."

मी नेहमीप्रमाणे "बघू" म्हणालो.

पुण्यात उतरलो, तेव्हा मधली सीट कोरडी होती आणि शाल्मलीचे केस ओले होते.

तरी संबंधित तळ्यास नम्र विनंती, की वरील आमंत्रण रद्द समजून आमची मूळ मुलगी परत करण्यात यावी.