पेडलखाली

रे रोडच्या आपल्या गॅरेजात दत्ताराम मेस्त्रींनी गिऱ्हाईकाची, कदमांची, गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा तीन हजारांवर गेला आणि थांबला. पुढे तसूभर सरकेना.

"मॅट गोळा झालीय पेडलखाली. दुसरं काय नाय, कदमसाहेब. तीस वर्षांत हा हात कधी चुकला नाय."

त्यांनी मॅट ओढून बाहेर फेकली. पेडल तरीही अर्ध्यावरच अडलं.

मेस्त्रींनी इंजिन बंद केलं, दारातून वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं. त्यांनी खुशाल हात घातला.

हाताला उबदार टाच लागली. मग तळवा. मग एकेक करत पाच बोटं.

मागे उभ्या कदमांनी हळूच विचारलं, "मेस्त्री, आमच्या हिचं जोडवं लागलं ना हाताला?"