राजवाड्यातला बघण्याचा कार्यक्रम

आपली वसुमती महाराष्ट्रात द्यायची, ही पिढ्यान्पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी रामस्वामींची फार दिवसांची इच्छा. म्हणून चौऱ्याण्णव साली पुण्याहून स्थळ आलं, तेव्हा त्यांनी पाहुण्यांना मोठ्या हौशीनं तिथला मराठा राजांचा राजवाडा दाखवायला नेलं.

मुलाला मात्र दरबारात एकच गोष्ट बघायची होती : तिथे चित्रित झालेल्या एका गुप्तहेराच्या सिनेमातली मारामारी नेमकी कुठे झाली. जागा सापडताच त्यानं बोटांचं पिस्तूल रोखून फोटो काढून घेतला.

वसुमती हळूच म्हणाली, "येथें आमचे राजे बसत होते."

"येथें!" मुलाची आई फिसकन हसली. "अगं, हे मराठी की कीर्तन? लग्न झाल्यावर आधी तुझी भाषा सुधारून घेऊ."

मुलगा तिथल्या राजांच्या पुतळ्याला रेलून तिची नक्कल करायला लागला. वसुमतीनं मान खाली घातली.

सकाळपासून हात जोडून बोलणारे रामस्वामी पुढे झाले. "चला, तुम्हांस स्टेशनास सोडतों."

"अहो, पण मुलीला अजून काही विचारलंच नाही!" मुलाची आई म्हणाली.

"नको. तुम्ही मुलगी पाहायला आलां आणि सिनेमाची जागा पाहिलां. आम्ही मात्र मुलगा पाहिलों."