डावीकडे ओढणारी गाडी

“डावीकडेच?”

“डावीकडेच. स्टिअरिंग सोडलं की फुटपाथकडे धाव घेते. घरी पोचेपर्यंत उजवा खांदा भरून येतो.”

मिस्त्रीने बॉनेटवर हात ठेवला. चांगलं तापलं होतं. म्हणजे ती मोठ्या रस्त्याने आली होती. गल्लीत हा दोष कळत नसे. वेग धरला की कळे.

गॅरेजच्या आसपास तिला सगळे पडदेवाली म्हणत. पडदे शिवायची, आणि मागची सीट आडवी पाडून स्वतःच घरोघर पोचवायची. तोंडावर मिस्त्री तिला मॅडम म्हणे.

हवा. चारही टायरमध्ये बरोबर.

टायर. पुढचे दोन अदलाबदल करून झाले होते, मागेच कधीतरी.

ब्रेक. त्याने हाताची पाठ डाव्या चाकाजवळ नेली, मग उजव्या. ऊब सारखीच. ब्रेक कुठल्याच चाकाला चिकटून राहत नव्हता.

“मग?”

“मग तेच. डावं चाक वरून केसभर बाहेर झुकलंय. बोल्ट सरकतो. गाडी जुनी झालीय, मॅडम.”

“जुनी मीही झालेय. मी सरळ चालते.”

शेजारच्या दुकानातून बॅटरीवाला ओरडला, “मिस्त्री, आख्ख्या गावाच्या गाड्या सरळ केल्यात आणि ही एवढीशी वाकडीच? चष्मा बदला आता!”

“तू तुझं बघ. काल दिलेली बॅटरी आज धक्क्यावर चालतेय.”

ती हसली. भिंतीला टेकवलेल्या, भंगारातल्या कुठल्यातरी गाडीच्या सीटवर बसली. ती सीट सकाळीच पुसलेली होती. तिने थर्मास उघडला. झाकणातला चहा तिचा, कपातला त्याचा.

“माणसं गमतीचीच असतात,” ती म्हणाली. “मी पडद्याचं माप घ्यायला जाते, आणि ते आधी खिडकीतून बाहेर काय दिसतं ते दाखवतात.”

मिस्त्री जॅकचा दांडा हाणत होता.

“तुमच्या वरच्या खोलीला पडदा नाही.”

“मला कोण बघायला येतंय?”

“बघणाऱ्यांसाठी नसतो हो पडदा. सकाळी उठून उघडायला काहीतरी हवं.”

दांडा थांबला. परत सुरू झाला.

“या वेळी नीट व्हायलाच हवी, मिस्त्री.”

“होईल की.”

“होईल की नाही. व्हायलाच हवी. रविवारी जावई येतायत. स्वतः चालवून बघणार. ओढली, तर गाडी विकायची आणि मी त्यांच्याकडे. मुलीने ठरवून टाकलंय. इस्त्रीची एक खोली आहे त्यांच्याकडे, तिथे माझा पलंग.”

“आणि मशीन?”

“मशीनला जागा नाही.”

मिस्त्री चाकाकडे वळला. चाक उतरवलं, बोल्ट सैल केले, चाकाची बैठक आत घेतली, बोल्ट आवळले. चाक चढवून गेज लावला, डोळा बारीक करून बघितलं. मग दोघं मोठ्या रस्त्यावर फेरी मारून आले. गाडी सरळ गेली.

गॅरेजात आल्यावर त्याने जॅक परत लावला. दर खेपेला लावायचा.

“एकदा बोल्ट बघून घेतो.”

“बघा बाई, तुमचं समाधान होऊ दे.”

तो गाडीखाली सरकला. नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला. पान्याचा आवाज आला नाही.

“झोपलात का?”

“नाही,” खालून आवाज आला. “झालं.”

ती गेली. वळणापलीकडे इंजिनचा आवाज विरेपर्यंत तो हात पुसत उभा होता. हात कधीच स्वच्छ झाले होते.

संध्याकाळ. शटर. जिना. एक ताट, धुतलेलं, पालथं.

रविवारी गॅरेज बंद असायचं. त्याने शटर अर्धं वर केलं आणि त्या सीटवर बसून राहिला. जावई कसा माणूस असेल? गाडी हळू चालवणारा, की उगाच दामटणारा?

पुढचा आठवडा उलटला. मग आणखी एक.

“काय, पडदेवाली फिरकली नाही?” बॅटरीवाल्याने विचारलं. “झाली वाटतं एकदाची सरळ!”

“झाली.”

“मग सुतक आल्यासारखं तोंड का? पेढे वाटा!”

मिस्त्रीने कार्ब्युरेटर उचलला आणि कारण नसताना फुंकला.

एके दुपारी गाडी दारात येऊन थांबली. ती उतरली. आज केसांना तेल होतं, की नुसते नीट विंचरले होते, त्याला सांगता आलं नसतं.

“जावयांनी दोन्ही हात सोडून चालवली,” ती म्हणाली. “रेघ मारल्यासारखी गेली. मुलगी थोडी रुसली. पण गाडी राहिली. मीही राहिले.”

“मग चांगलं झालं.”

“हो.”

“मग आज?”

ती बॉनेटकडे बघत राहिली.

“परवापासून पुन्हा ओढतेय.”

“डावीकडे?”

“डावीकडेच.”

तो चालवायला बसला, ती शेजारी. मोठा रस्ता आला. त्याने वेग धरला आणि स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. पांढरा पट्टा जिथे होता तिथेच राहिला. झाडं गेली. एक पेट्रोल पंप गेला. रस्ता संपत आला तरी पट्टा तिथेच. ती खिडकीबाहेर बघत होती, कान लाल झालेले.

“ओढतेय,” मिस्त्री म्हणाला.

गॅरेजात त्याने जॅक लावला, खाली सरकला, पाना बोल्टला लावला आणि नुसताच पडून राहिला. चाक ताठ होतं. गेल्या खेपेला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, ती निघायच्या आधी त्याने ते स्वतःच्या हाताने बाहेर झुकवून ठेवलं नव्हतं.