नर्सबाईंचा नवा नकाशा

"किल्ली इकडे दे, आई."

नर्सबाईंनी पर्स घट्ट धरली. "कशाला?"

"तू वन-वेमध्ये उलटी शिरून ट्रकसमोर उभी राहतेस, पोलिसाचा फोन मला येतो, आणि वर विचारतेस कशाला?"

"मी शिरले नाही, गाडीतल्या नकाशाने घातलं. आठ वर्षांचा आहे तो. तेव्हा तो रस्ता दुहेरी होता."

मुलगा गाड्यांच्या विम्याचा सर्वेअर होता. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी आईला सल्ले द्यायचे, हा त्याचा दिनक्रम. त्यात नर्सबाईंना नुकतंच सत्तरावं लागलेलं.

"नकाशाचं सोड, आई. आता तुझंच वय..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. नर्सबाईंना ते पुरतं ऐकू आलं.

चौतीस वर्षं त्यांनी लशींच्या पेट्या घेऊन सरकारी जीप हाकली होती. निवृत्तीनंतर ही छोटी गाडी घेतली ती अक्कासाठी. थोरली बहीण अक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, पायांनी अधू. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं काम नर्सबाईंचं.

"अक्कामावशीला भाड्याची गाडी लावून देतो," मुलगा म्हणाला.

"आणि तीन जिने कोण उतरवणार तिला? तुझा ड्रायव्हर?"

"मग फोनवरचा नकाशा वापर."

"फोन बघायचा तर चष्मा बदलावा लागतो मला. गाडी चालवू की चष्मे बदलत बसू? नकाशा नवा झाला की झालं."

बराच वेळ जुंपली. शेवटी ठरलं ते असं. नकाशाचं काम झालं की मुलगा गाडीत बसणार आणि ऐनवेळी तीन ठिकाणं सांगणार, तिन्ही गेल्या आठ वर्षांत वसलेल्या भागातली. एक जरी वळण चुकलं तरी गाडी विकायची. तोवर गाडी हलवायची नाही.

"किल्ली माझ्याकडेच राहील," नर्सबाई म्हणाल्या. "शब्द दिलाय मी."

दुसऱ्या दिवशी त्या नवा नकाशा भरून आणायला पेन ड्राइव्ह घेऊन बसने सर्व्हिस सेंटरला गेल्या. काउंटरवरच्या मुलीने गाडीचं मॉडेल लिहून घेतलं, दोन ठिकाणी फोन केले, आणि मग बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. परत आल्या तेव्हा नर्सबाईंचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाली?" मुलाने विचारलं.

"सोपं नाही म्हणाली."

"मग?"

"मग काय? कसं होत नाही ते बघतेच मी."

तेव्हापासून त्या रोज सकाळी पाण्याची बाटली आणि वही घेऊन बाहेर पडू लागल्या, त्या दुपार कलल्यावर परतायच्या. चेहरा रापला. चपलेचा अंगठा एकदा तुटला, तो शिवून घेतला.

"रोज खेटे घालायला लावतात का गं ते?" मुलगा वैतागून म्हणाला. "एका नकाशाला एवढे दिवस?"

"शहर मोठं आहे. वेळ लागतो."

"किती झालंय?"

"अर्ध्याच्या वर. पूर्वेकडचं राहिलंय."

"तुकड्यातुकड्याने येतो वाटतं," मुलगा म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं.

तिकडे अक्का तीन आठवडे घराबाहेर पडली नाही. भाड्याची गाडी दोनदा खाली येऊन गेली, दोनदा तिने परत पाठवली. फोनवर म्हणाली, "पाय आखडलेत, पण मी थांबते. तू मात्र नमतं घेऊ नकोस."

"मी?" नर्सबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी पुसून काढली. मुलगा पुढचं दार उघडायला गेला.

"मागे बस. शेजारी बसलास की तुझे पाय ब्रेक शोधतात."

तो त्यांच्या सीटच्या अगदी मागे बसला. हातात स्वतःचा फोन, त्यावर नकाशा उघडलेला. "गाडीतली ती बाई बोलत का नाही? आवाज बंद केलास?"

"हुकूम सोडलेले मला आवडत नाहीत. तुला माहीत आहे."

पहिलं ठिकाण त्याने सांगितलं नव्या न्यायालयाचं. वाटेत तीन उड्डाणपूल एकमेकांत गुंतलेले. नर्सबाई पाटी दिसायच्या आधीच डावीकडे सरकल्या, खालून वळसा घेऊन थेट न्यायालयाच्या फाटकाशी थांबल्या.

दुसरं ठिकाण तलावामागची वसाहत. तिथले रस्ते एकसारखे, वर्षभरापूर्वीचे, पाट्यासुद्धा नसलेले. मुलगा फोनवर बोट ठेवून बसला होता. फोन वळण सांगायचा तेव्हा आईने इंडिकेटर दिलेला असायचा.

"फोनपेक्षा तेज निघाला की गं हा नकाशा!"

"हं."

तिसरं त्याने मुद्दाम अवघड काढलं. नव्या इस्पितळाचं मागचं फाटक, दोन महिन्यांपूर्वी उघडलेलं. नर्सबाईंनी आरशातून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी वळवली. अकरा मिनिटांनी त्या फाटकासमोर उभ्या होत्या.

मुलाने फोन खिशात टाकला. "हरलो. गाडी तुझी, रस्ते तुझे. वयाचं परत काढणार नाही."

"काढून बघ."

त्या खाली उतरल्या आणि फाटकाच्या सावलीत जाऊन अक्काला फोन लावला. "मंगळवारी साडेनऊला तयार राहा. भाड्याच्या गाडीवाल्याला सांग, येऊ नकोस म्हणून."

पलीकडून अक्काचं हसू मुलापर्यंत ऐकू आलं. तोही हसला. घरी जाताना तरी शेजारी बसू द्यायला आईची हरकत नसावी, असा विचार करून तो पुढच्या सीटवर येऊन बसला आणि तीन आठवडे खेटे घालून आणलेला तो नवा नकाशा बघायला स्टिअरिंगशेजारच्या पडद्याकडे वाकला.

पडद्यावर इस्पितळ नव्हतं, फाटक नव्हतं, रस्ताही नव्हता. कोऱ्या हिरव्या माळाच्या मधोमध त्यांची गाडी उभी होती आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हा नकाशा आठ वर्षे जुना आहे, या मॉडेलसाठी नवा नकाशा उपलब्ध नाही.