शिंगाची मूठ

टॅरंटने कागदाची पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि सोडली. आत मासेमारीचं जुनं रीळ होतं. कथबर्ट हेस्लॉपने चहाचा कप उचलला होता. तो त्याने न पिताच खाली ठेवला.

"वर्ष सांगा," टॅरंट म्हणाला. "थांबा, आज मीच सांगतो. एकोणीसशे अकरा! कारखान्याच्या पहिल्याच वर्षाचं, शिंगाच्या मुठी तेव्हाच बसवायचे. मूठ बघा ना, शिंगाची आहे."

जुनी रिळं जमवणारे लोक लांबून कोकेट नदीच्या काठावरच्या या घरी येत. कथबर्ट सांगेल ते वर्ष, असं त्यांच्यात ठरूनच गेलं होतं. कथबर्टने रीळ उलटं केलं, खालच्या पितळी पायावरून, रीळ काठीला बसतं त्या पट्टीवरून, बोट फिरवलं. मुठीकडे त्याने पाहिलं नाही.

"एकवीस," तो म्हणाला.

"काहीतरीच काय! एकवीस साली कारखाना काळ्या मुठी बसवत होता. पाय कुणीतरी नंतर बदलला असणार."

"पाय कारखान्याचाच आहे. मूठ बदललीय. मी."

टॅरंट हसला, पण कथबर्ट हसला नाही.

"काळी फुटली होती. मेंढ्याचं शिंग कापून ही केली. रीळ माझ्या बायकोचं आहे, मेव्हिसचं. ती गेल्यावर मुलीने तिचं सगळं सामान चर्चच्या सेलला देऊन टाकलं. मला हे नंतर कळलं."

"मी तर हे हेक्सहॅमच्या बाजारात घेतलं."

"तिथे कसं गेलं, मला ठाऊक नाही. माझ्याकडे ठेवून जा, पोरा. काय हवं ते माग."

टॅरंटने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. पन्नाशीचा माणूस, पण कथबर्टसाठी पोरच.

"हेस्लॉप, राग मानू नका. परवा लँबर्टनेही मला असंच गुंडाळलं. आजोबांचं रीळ म्हणाला, डोळ्यांत पाणी काढलं, माझ्याकडून घेतलं आणि आठवड्यात लंडनला विकून मोकळा. आजोबा जन्मभर कोळशाच्या खाणीत. म्हाताऱ्याने मासा पाहिला असेल तो ताटात!"

"मी लँबर्ट नाही."

"लँबर्टही असंच तोंड करून बसला होता. फोटो आहे का एखादा?"

"आहे. मेव्हिसने मासा धरलाय. रीळ माशाच्या मागे गेलंय."

"मासा मोठाच म्हणायचा."

"मोठाच होता," कथबर्ट म्हणाला. मग म्हणाला, "मुठीच्या आत तार आहे. तिच्या सायकलच्या चाकाची. टोकाला आटे आहेत. कारखान्याची मूठ असती तर आत पितळेचा खिळा असता."

बोलला आणि त्याने अंगठ्याने मूठ झाकली.

"मग काढून दाखवा की," टॅरंट म्हणाला. "तार निघाली तर रीळ तुमचं. मला काही नको. खोट्या वर्षाचं रीळ मी घरात ठेवत नाही. आणि पितळ निघालं तर एकोणीसशे अकरा हे तुमच्या तोंडाने म्हणायचं. चारचौघांत."

"शिंग वाळलंय. निघताना फुटेल."

"बघा बुवा. तुमची मर्जी."

टॅरंट रिळावर कागद गुंडाळू लागला. एक घडी, दुसरी घडी. मूठ कागदाबाहेर राहिली होती. तिच्या एका बाजूला खळगा होता. मेव्हिस डावखुरी. मासा ओढायला लागला की तिचा अंगठा तिथे रुतायचा.

"आण इकडे," कथबर्ट म्हणाला.

त्याने किटली पुन्हा चुलीवर ठेवली. वाफ सुटल्यावर मूठ वाफेवर धरली. वाफेने शिंग थोडं मऊ पडतं. केस जळल्यासारखा वास खोलीत पसरला. हात पोळला तरी त्याने मूठ खाली घेतली नाही. मग रीळ टेबलाच्या कडेला लावलेल्या लोखंडी पकडीत आवळलं, मुठीला फडकं गुंडाळलं आणि हळूहळू पीळ देऊ लागला. मूठ थोडी फिरली. आणखी थोडी फिरली.

मग फडक्यात आवाज झाला. फार मोठा नाही.

फडकं उलगडल्यावर शिंगाचे दोन तुकडे टेबलावर पडले आणि बाकीचा नुसता चुरा. रिळावर पोलादी तार उभी राहिली होती. टोकाला आटे, त्यात अजून शिंगाची पांढरी पूड.

टॅरंट वाकून बघत राहिला.

"चुकलो," तो म्हणाला. "हेस्लॉप, माझं चुकलं. रीळ तुमचं." त्याने टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून वळला. "काळी मूठ असेलच तुमच्याकडे एखादी. बसवून टाका. एकदम अस्सल होईल बघा."

दार लागलं.

काळ्या मुठींनी खण भरलेला होता. कथबर्टने तो उघडला नाही. त्याने दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. कडा जुळल्या, पण मधे भोक राहिलं. खळग्याचाच तेवढा चुरा झाला होता. तो बोटाने टिपून घेता आला, पण बसवता कुठे येणार?

त्याने डावा हात पुढे केला, तार चिमटीत धरली आणि रीळ फिरवलं. रीळ करकर वाजलं. मेव्हिसच्या हातातही असंच वाजायचं. कुणाच्याही हातात असंच वाजलं असतं. अशी शेकडो रिळं याच टेबलावरून गेली होती.

"एकोणीसशे एकवीस," तो म्हणाला.