विटांचा उंबरठा

जालना रोडवरच्या पुलाखाली मनकर्णाबाई राहतात. घर म्हणजे एक गोधडी, चार भांडी, दगडांची चूल आणि पुढं मांडलेली विटांची ओळ. थंडी वाढली म्हणून मी त्यांना ब्लँकेट द्यायला गेले आणि सरळ विटा ओलांडून पाऊल टाकलं.

"ओ ताई, चपला भाईर काढा की! आत्ताच झाडून घेतलंय."

मला हसूच आलं. ना भिंत, ना दार. आत कुठलं आणि बाहेर कुठलं? तरी मी चपला विटांपलीकडं काढल्या. तशी त्यांची कळी खुलली. "हां, आता बसा. च्या ठेवते."

चहाला उकळी फुटली, तोच पुलाखालची जागा मोकळी करणारी महापालिकेची गाडी येऊन थांबली. माणसं उतरली आणि गोधडी, भांडी, माझं नवंकोरं ब्लँकेट, सगळं गाडीत फेकू लागली. "अहो, थांबा, थांबा" म्हणून मी ओरडत राहिले. माझं कोण ऐकतंय!

मनकर्णाबाईंनी कुणालाच अडवलं नाही. विटांपाशी हात जोडून उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच म्हणत होत्या,



"दादा, न्यायचं ते न्या... पर बूट तेवढे भाईर काढा."